उधारीची वही आणि वाणातली डाळ

पत्र थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ३४. घरची पाच एकर कोरडवाहू शेती, त्यात सोयाबीन, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि तूर. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मिनी डाळ मिल टाकली. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेतून ३५ टक्के अनुदान मिळालं, बाकीचं बँकेचं कर्ज, महिन्याला ७,८०० रुपये हप्ता. प्रशिक्षणात त्यांना सांगितलं गेलं, ‘धंदा माणसांवर चालतो, संबंध वाढवा.’ त्यांनी ते मनावर घेतलं. कार्डं छापली, लग्नापासून तेरवीपर्यंत कुठलाच कार्यक्रम सोडला नाही, गावाच्या आणि सोयऱ्यांच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी डाळीच्या पाकिटाचा फोटो टाकला. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवात वाण म्हणून पाव-पाव किलोची पाकिटं दिली, वर मिलचं नाव आणि नंबर. तेव्हा एक बाई सगळ्यांसमोर म्हणाली, ‘वानातबी धंदाच आनला का वं!’ बाया हसल्या. तिकडे १९ घरांकडे मिळून ४१,००० रुपये उधारी थकली आहे आणि त्यातली एक चुलत नणंद आता ताई दिसल्या की दुसऱ्या गल्लीनं जाते. ताई विचारतात, ‘नातं ठेवलं की धंदा होत नाही आणि धंदा केला की नातं राहत नाही. लोक ओळखींवर मोठे होतात. मला ते जमत नाही, की मीच खोटी वागते आहे?’

ताई,

तुमच्या पत्रात ‘खोटी’ हा शब्द तीन ठिकाणी आला आहे. मी पत्र पुन्हा वाचलं ते तेवढ्यासाठी, तुमचा खोटेपणा कुठे दिसतो का ते पाहायला. मला तो दिसला नाही. दिसली ती एक मेहनती बाई, जिला शहरात लागू पडणारा सल्ला गावात वापरायला दिला गेला.

‘संबंध वाढवा’ हे ज्याला कोणीच ओळखत नाही, त्याच्यासाठी ठीक आहे. पुण्याच्या एखाद्या सोसायटीत नवी राहायला आलेली बाई घरगुती डबे सुरू करते, तिला दारोदार जाऊन नाव सांगावंच लागतं. तुमचं तसं नाही. तुमच्या गावात तुम्ही कोणाच्या सून, तुमचं माहेर कोणतं, तुमच्या वावराचा धुरा कोणाला लागून आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिथे तुम्ही कार्ड पुढे केलं की समोरच्याला वाटतं, कालपर्यंत ही आपली होती, आज हिनं आपल्याला गिऱ्हाईक केलं. त्या बाईचं बोलणं टोचलं ते यामुळेच. ती दुष्ट असेल असं मला वाटत नाही. वाण हे देऊन विसरायचं असतं, त्यावर फोन नंबर नसतो. तिला खटकलं आणि ती बोलून गेली. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, एवढं खरं.

मग गावाला तुमच्याबद्दल काय ठाऊक नाही? सून म्हणून तुम्ही कशा आहात ते त्यांना माहीत आहे. डाळवाली म्हणून कशा आहात, ते अजून माहीत नाही. कास्तकार पोतं घेऊन तुमच्या दारात येतो तेव्हा त्याच्या मनात एकच शंका असते: माझ्या तुरीची डाळ मलाच मिळेल ना? वजनात काय होईल? गुरांना घालायची चुनी कुठे जाईल? तोंडावर तो हे विचारणार नाही, कारण तुम्ही ओळखीच्या आहात. ओळख असली म्हणजे भरवसा आलाच असं नाही. कितीदा तर ओळखीमुळेच माणसाला शंका बोलून दाखवता येत नाही आणि तो गुपचूप दुसऱ्या गावच्या मिलवर जातो.

म्हणून माझा पहिला सल्ला लग्नाकार्यातला नाही, तुमच्या काट्याजवळचा आहे. पोतं आलं की त्याच्यासमोर वजन करा. त्याच्या डोळ्यांदेखत पोत्यावर नाव आणि तुरीचा वाण लिहा. मारोती, बीडीएन ७११, बीएसएमआर ७३६, जे असेल ते. लाल आणि पांढरी तूर एकत्र होऊ देऊ नका. डाळ नेताना एक चिठ्ठी द्या: तूर ५० किलो, डाळ ३६, चुनी-चुरी ५, टरफल ७, घट २. आकडे दर लॉटला बदलतील, बदलू द्या. तूर ओली असेल, किडकी असेल, तर डाळ कमी उतरते, ते सुरू करण्याआधीच सांगा. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते. चुनी आणि टरफल तुम्ही भरडाईत धरता की परत देता, हे मिलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. ज्याच्या घरी दोन म्हशी आहेत, त्याला चुनीची किंमत डाळीइतकीच कळते.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं मिनी डाळ मिल तयार केली, त्यामागे कास्तकाराची तूर गावातच डाळ व्हावी हा विचार आहे. मोठ्या मिलला तूर विकली की ती कोणाची होती हे कोणी विचारत नाही. तुमच्या मिलमध्ये मात्र प्रत्येक पोत्याला मालकाचं नाव आहे. तुमच्याजवळ असलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि ती तुम्ही कार्डावर छापलीच नाही.

आता उधारीबद्दल. इथे मला जरा सावकाश बोलायचं आहे, कारण गाठ इथेच आहे असं मला वाटतं.

माझ्या वडिलांचं वर्धा जिल्ह्यात एका खेड्यात किराणा दुकान होतं. उधारीशिवाय ते एक दिवसही चाललं नसतं. गावाकडे पैसा बारा महिने नसतो. सोयाबीन निघालं की दिवाळीला थोडा येतो, कापसाचा चुकारा संक्रांतीच्या आगेमागे येतो, तूर-चणा विकला की पाडव्यापर्यंत येतो. मधले महिने वहीवर. वडील उधार द्यायचे, पण देतानाच दिवस ठरलेला असायचा. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, ते दुकानाबाहेर खाट टाकून बसायचे. आई चहाचं पातेलं चढवूनच ठेवायची. माणसं यायची, वही उलटून पाहायची, ज्याला वाचता येत नसे तो शाळेतल्या पोराला सोबत आणायचा. वडील कोणाचं खातं मोठ्यानं वाचत नसत. कोणी अर्धे द्यायचं, कोणी पूर्ण. ज्याच्या वावरात गारपीट झाली, त्याच्या नावापुढे ते ‘पाडवा’ असं लिहायचे. तो माणूस त्या दिवशीही यायचा, चहा प्यायचा आणि जायचा. त्याला गल्ली बदलावी लागत नव्हती.

तुमच्या नणंदेला बदलावी लागते, कारण तिच्या उधारीला दिवस नाही. डाळ नेली तेव्हा तुम्ही म्हणाला असाल, ‘द्या हो सावकाश, घरचंच आहे.’ प्रेमानंच म्हणाला असाल. पण ‘सावकाश’ म्हणजे कधी? तिला रोज वाटतं, आज विचारतील. तुम्हाला रोज वाटतं, आज देतील. दोघी एकमेकींना टाळता. दोन हजारांच्या डाळीपायी नणंद-भावजयीचं बोलणं बंद व्हावं, हे मला फार वाईट वाटतं, आणि यात तुमच्या दोघींचाही स्वभाव आडवा आलेला नाही.

जुन्या बलुतेदारीतही हे होतं. वर्षभराचं काम आणि खळ्यावर धान्य, दिवस ठरलेला. त्या पद्धतीत अन्याय पुष्कळ होता, खळ्यावर मिळेल ते पदरात घ्यावं लागे, जातीनं काम ठरे. ती परत यावी असं मी चुकूनही म्हणणार नाही. पण गावाचा पैसा सुगीला येतो, म्हणून हिशेबही सुगीला, एवढी गोष्ट त्यात शहाणपणाची होती. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल आजही कितीतरी गावांत पाडव्याला ठरतं आणि पाडव्यालाच संपतं.

तुमची अडचण अशी की बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो आणि गावाचा पैसा वर्षातून दोन-तीनदा. तुम्ही या दोन्हींच्या मधे उभ्या आहात. हे तुम्ही पत्रात कुठे लिहिलं नाही, पण आकड्यांवरून दिसतं. हप्त्याची तारीख जवळ आली की तुम्ही लोकांकडे गिऱ्हाईक म्हणून पाहायला लागता, सकाळचे फोटो वाढतात, तेरवीलाही पिशवीत कार्डं जातात. तुम्हाला जे खोटेपण वाटतं, ते तिथून येतं.

मग करायचं काय? एक मार्ग म्हणजे उधारी साफ बंद, ‘आज नगद, उद्या उधार’ अशी पाटी. शहरात चालेल. तुमच्या गावात ज्यांच्याकडे ऑगस्टमध्ये खरंच पैसा नाही, ती माणसं तुटतील आणि ती तुमच्या सगळ्यात जवळची आहेत. दुसरा मार्ग, आहे तसं चालू ठेवणं. तो तुम्हाला पुढच्या वर्षी मिल विकायला लावेल. मला तिसरा बरा वाटतो. उधारी द्या, पण घरटी मर्यादा ठेवून, वर्षातल्या दोन ठरलेल्या दिवसांवर. कर आणि पाडवा घ्या, लोकांच्या लक्षात राहतात. आणि पैसा नसेल तर तूर घ्या. इथे मात्र फार जपा. तूर घेताना भाव तुमच्या मनानं लावू नका. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता, पण त्या दिवशी तालुक्याच्या बाजार समितीत काय भाव फुटला हे कास्तकाराला तुमच्याआधी कळलेलं असतं. त्या दिवसाचा बाजारभाव फोनवर दाखवा आणि त्याच भावानं वजावट करा. अडलेल्याची तूर शंभर रुपये कमी भावानं घेतली, तर ती गोष्ट तो नातवालाही सांगेल.

आधीच्या ४१,००० चं काय, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. १९ नावं एका कागदावर काढा. काहीजण देऊ शकतात आणि विसरलेत, त्यांना सरळ आठवण द्या, फोनवर नाही, घरी जाऊन. काहींची आज ऐपत नाही, त्यांना करीचा दिवस सांगा, तूर आली की तीही चालेल म्हणा. आणि दोन-तीन घरं अशी असतील की तिथे दुखणं आहे, घरातलं माणूस गेलं आहे. ती रक्कम मनातून सोडा. सोडलीच तर त्यांना तसं सांगून टाका. मनात सोडली आणि तोंडानं काही बोललं नाही, तर त्यांची गल्ली बदलणं चालूच राहील. नणंदेकडे सगळ्यात आधी जा. तिच्याकडे जाताना वही नेऊ नका. ‘चूक माझी, मी दिवसच सांगितला नाही. करीपर्यंत निवांत राहा’ एवढं बोला आणि चहा पिऊन या.

हप्त्यासाठी वेगळी माणसं लागतील, ज्यांच्याकडे महिन्याला पैसा असतो. तालुक्याच्या खाणावळी, ढाबे, वसतिगृहं. इथेही कार्ड घेऊन मालकाकडे जाऊ नका, आचाऱ्याकडे जा. त्याला विचारा की सध्याच्या डाळीचा त्रास काय होतो. बहुतेक ठिकाणी तो म्हणेल, शिजायला वेळ लागतो, गॅस जातो. कधी ते डाळीचं असतं, कधी बोअरच्या क्षाराच्या पाण्याचं, आणि ते तुम्हाला त्याच्या चुलीवर उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. दोन किलो डाळ न्या, त्याच्याच पाण्यात, त्याच्याच पातेल्यात शिजवून बघू म्हणा. वरण चांगलं उतरलं तर तो स्वतः मालकाला सांगेल. नाही उतरलं तर तेही तुम्हाला कळायला हवंच. लग्नसराईत हेच आचारी गावोगाव फिरतात, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी माणसं म्हणजे तुमच्या गावची पुण्या-नागपूरला गेलेली पोरं. त्यांची आई दरवर्षी वर्षभराची डाळ बांधून देतेच. त्यांच्या ग्रुपवर फोटो टाकण्यापेक्षा त्या माउलीला विचारा, पोराकडे डाळ कधी संपते? पावसाळ्यात तिला कीड लागते का? जुलैमध्ये एक फोन, ‘काकू, डाळ ठीक आहे ना?’ एवढाच. विकायचं काही बोलू नका त्या फोनवर. तक्रार निघाली तर बदलून द्या, कुरकुर न करता. उन्हाळ्यात तूर भरडायला आणताना त्या दुसऱ्या कोणाकडे जायच्या नाहीत.

बँकेकडेही एकदा जा. हप्ता तिमाही करून मिळतो का, हे विचारायला लाज वाटू देऊ नका. तुमची फाईल करताना योजनेच्या ज्या जिल्हा संसाधन व्यक्तीनं मदत केली, त्यांना सोबत घ्या. नाही म्हणाले तर नाही, पण विचारा.

एक गोष्ट जरा अवघड आहे, पण विचारतेच. पत्रात तुम्ही ‘सगळं गाव’ म्हणता. मी नावं मोजली नाहीत, पण प्रसंग पाहिले: भावकीतली लग्नं, आपल्या गल्लीतलं हळदीकुंकू, सोयऱ्यांचे ग्रुप. बौद्धवस्तीतून किती पोती येतात तुमच्याकडे? जवळपास कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे वस्ती, असेल, तिथल्या बाया वीस-पंचवीस किलो तूर ठेवतात, त्या कुठे जातात? बऱ्याच मिलवर एवढा छोटा लॉट घेत नाहीत, मशीन त्यासाठी सुरू करणं परवडत नाही म्हणतात. आठवड्यातला एक दिवस छोट्या लॉटचा ठेवा आणि टरफल सुटावं म्हणून तुरीला तेल-पाणी द्यायचा, वाळवायचा दिवस आधीच सांगा, म्हणजे त्यांची खेप वाया जाणार नाही. प्रत्येकीची तूर वेगळी राहील याची मेहनत तुम्हाला पडेल. तरी करा. ज्या घरांनी आजवर तुम्हाला नुसतं लांबून पाहिलं, त्यांच्याशी तुमचं पहिलं बोलणं त्या दिवशी होईल. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत गाव दोन गटांत फाटतं तेव्हा तुमच्या मिलसमोर दोन्हीकडचे लोक पोतं घेऊन उभे असावेत, असं मला मनापासून वाटतं.

डाळ निवडायला बचत गटाच्या चार बाया येतात असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. त्यांच्याबद्दल अर्धी ओळ आणि कार्डाबद्दल अर्धं पान! ताई, तुमची डाळ कशी आहे, हे गावात आणि त्यांच्या माहेरी त्या चौघीच सांगतात. त्यांची मजुरी आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी हातात पडते ना? हप्त्याच्या ओढाताणीत एखादा आठवडा पुढे गेला असेल तर आधी तो चुकता करा, बँकेच्याही आधी. बाजाराच्या दिवशी रिकामी पिशवी घेऊन फिरणाऱ्या बाईनं तुमच्याबद्दल चांगलं बोलावं, ही अपेक्षाच चूक.

शेजारच्या गावच्या मिलवाल्याचा तुम्ही ‘तो माझे गिऱ्हाईक ओढतो’ असा उल्लेख केला आहे. होळीनंतर ऊन कडक झालं की तुमच्याकडेही गर्दी, त्याच्याकडेही. त्या दिवसांत तुमचा रोलर झिजला, मोटर जळाली, तर तालुक्याच्या मिस्त्रीची वाट बघत बसण्यापेक्षा त्याचा नंबर कामी येईल. एकदा त्याची मिल पाहायला जा. आपली गर्दी झाली की दोन पोती त्याच्याकडे पाठवा, पाठवताना कास्तकाराला तसं सांगा. तोही कधी तशी परतफेड करेल की नाही, मला सांगता येत नाही. माझ्या अनुभवात बहुतेक करतात, काही नाही करत.

व्हॉट्सअॅपवरचा रोजचा फोटो आजच बंद करा. ग्रुप सोडू नका. ‘गुरुवारी तेल-पाणी आहे, ज्यांची तूर असेल त्यांनी बुधवारी आणावी’, ‘आभाळ आलंय, वाळवण उद्या नको’ असं कामाचं असेल तेव्हाच लिहा. आणि तेरवीला, दवाखान्यात, बाळंतिणीला भेटायला जाल तेव्हा मिलचा विषय निघालाच, तर ‘ते नंतर बोलू’ म्हणा. समोरच्यानं काढला तरी. दोन-चार महिने जातील, मग लोक तुमच्याजवळ पुन्हा मोकळं बोलायला लागतील. मधल्या काळात विक्री थोडी घटल्यासारखी वाटेल, त्याला घाबरू नका. मिलचा खरा हंगाम तूर निघाल्यावरच सुरू होतो, तोवर वही, काटा आणि आचारी एवढं केलं तरी पुष्कळ.

राहिली ती हळदीकुंकवाची बाई. तिच्याशी तुम्ही त्यानंतर बोलला नाहीत, असं पत्रावरून वाटतं. संक्रांत जवळ येते आहे. या वर्षी वाण म्हणून एखादी वाटी द्या, कंगवा द्या, गाजर-बोरं-ओंब्या भरलेलं सुगडं द्या, डाळ मात्र नको. आणि सगळ्यांना बोलावायच्या आधी आदल्या दिवशी तिच्या घरी तिळगूळ घेऊन जा. गेल्या वर्षीचं तिनं काढलं तर म्हणा, ‘बरोबर बोलली होती तू.’ नाही काढलं, तर तिची पऱ्हाटी कशी आहे ते विचारा.